बोकड नंबर सत्त्याण्णवचा मुक्काम

१

सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता, मुंबईहून आलेल्या पाच पाहुण्यांच्या देखत, शेळी संशोधन केंद्रातल्या मोठ्या संगणकाने देवश्रीला खोटं ठरवलं.

देवश्री तिथली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. चार वर्षं खपून तिने संगणकात अख्खा नगर जिल्हा उभा केला होता आणि त्यात दहा हजार शेळ्या सोडल्या होत्या. शेळ्या म्हणजे नुसते ठिपके. पण प्रत्येक ठिपक्याला गाव होतं, वय होतं, आईबाप होते. हे ठिपके हिंडायचे, जवळ असेल त्या बोकडाकडून गाभण राहायचे, त्यांना करडं व्हायची. संगणकात अशी पन्नास वर्षं काढली की जातीचं पुढे काय होणार ते दिसतं म्हणे. देवश्रीचं उत्तर असं होतं की पूर्वेकडच्या, पाथर्डीच्या बाजूच्या कोरडवाहू गावांतल्या शेळ्यांत नात्यातली पैदास फारशी होत नाही, त्यांचं रक्त चांगलं मिसळतं. सोमवारी त्याच प्रोग्रॅमने बरोब्बर उलटं सांगितलं. पंधरा वर्षांत म्हणे त्या गावांतल्या सगळ्या शेळ्या एकमेकींच्या बहिणी होणार.

केंद्रप्रमुख अवधूतरावांनी निष्कर्ष काढला की पोरीने आधीचे आकडे मनानेच मांडले. त्याच दुपारी तिचा पासवर्ड बंद झाला, लॅपटॉप कपाटात गेला. शनिवारी बारा वाजता समिती बसणार आणि तिची नोंदणी रद्द होणार, हे जवळपास ठरलंच होतं. फक्त नियमाप्रमाणे बाहेरच्या माणसाकडून चौकशी व्हायला हवी होती. म्हणून मंगळवारी सकाळी मला फोन आला.

मी नीलांबरी. छत्तीस वर्षं पशुधन खात्यात जनावरांची डॉक्टर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त होऊन पारनेरला असते. शेळीच्या पोटात काय दुखतंय ते मी तिच्या उभं राहण्यावरून सांगेन, पण संगणकातलं मला व्हॉट्सअॅपपलीकडे काही कळत नाही.

"मॅडम, तुमच्याइतकं निःपक्षपाती कोण मिळणार?" अवधूतराव म्हणाले. अडाणी माणसाला सभ्य भाषेत काय म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

केंद्र मला नवं नव्हतं. आदल्याच बुधवारी खंडेनवमीला त्यांनी मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. केस कातरायच्या कात्र्या, वजनकाटे, सुया आणि तो मोठा संगणक, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मी नारळ फोडला, मुहूर्ताचं बटण दाबलं, पेढा खाल्ला आणि एकची बस गाठली. देवश्री त्या दिवशी नव्हती. ती पाथर्डीकडे खऱ्या शेळ्या मोजत हिंडत होती, ती थेट सोमवारी परतली आणि परतली ती या फुफाट्यात.

मी फोनवर हो म्हटलं. मनातून मला पोरगीच लबाड वाटत होती, हेही सांगून टाकते. मशीनला खोटं बोलून काय मिळणार?

२

देवश्रीचं घर कोल्हारला. वडील शाळामास्तर, ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसलेले. मी तासभर होते तिथे, पण त्यांनी पान काही उलटलं नाही.

"तू आकडे बदललेस का?" मी आडपडदा न ठेवता विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग सोमवारी उलटं उत्तर कसं आलं?"

"तेच मला कळत नाहीये." तिचे डोळे सुजले होते, पण आवाज ताठ होता. "मला प्रोग्रॅम उघडून पाहू द्या म्हटलं, तर देत नाहीत. आरोपीच्या हाती पुरावा देत नाहीत, म्हणाले."

मग तिने मला प्रोग्रॅम समजावून सांगितला. मी वही काढली. वर्षात दोन हंगाम. पहिल्यात शेळ्या आपापल्या गावी. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांच्याबरोबर काही शेळ्या प्रवरेच्या पट्ट्यात येतात. संगणकातही ती ते ठिपके उचलून इकडे आणते.

"कोणाच्या जवळ कोण आहे, याची संगणक एक यादी करतो," ती म्हणाली. "पंगतीत बसल्यावर शेजारी कोण ते लिहून घ्यावं तशी. पण माणसं उठून दुसऱ्या पंगतीला गेली, तर ती यादी उपयोगाची नाही. जुना शेजार पुसायचा आणि नव्याने मोजायचा. तशी आज्ञा द्यावी लागते. दहा हजारांचा शेजार दर हंगामाला मोजायचा म्हणजे फार वेळ जातो, पण त्याला इलाज नाही."

मी मान डोलावली. वहीत लिहिलं, "पंगत". पुढे काय लिहावं ते सुचेना.

"तुझा कोणावर संशय?"

तिने आवाज खाली आणला. "अवधूत सरांची बाहेरच्या जातीचे बोकड गावोगाव वाटायची योजना आहे. नात्यातली पैदास वाढलीय असं निघालं तर ती मंजूर होते. माझ्या उत्तराने ती अडली होती. पण सरांना प्रोग्रॅम उघडतासुद्धा येत नाही. पासवर्ड दोघांकडेच, मी आणि वरद."

वरद म्हणजे केंद्रातला संगणक सांभाळणारा मुलगा.

"मग वरदने केलं असेल."

"वरदने दोन्ही प्रोग्रॅम ताडून पाहिले. माझ्या लॅपटॉपवरचा आणि मोठ्या संगणकावरचा. ओळ न् ओळ सारखी आहे म्हणाला. आणि मॅडम, वरद खोटं बोलत नाही. चार वर्षं ओळखते मी त्याला."

प्रोग्रॅम तोच, शेळ्या त्याच, मशीन तेच, आणि उत्तरं दोन. बसमध्ये बसल्यावर माझं डोकं भणाणलं होतं. ही पोरगी एक तर फार खरी असेल किंवा फार तयारीची.

३

बुधवारी मी केंद्रात गेले. वरद सत्तावीस वर्षांचा, सडपातळ. मला पाहून तो इतक्या झटकन उभा राहिला की खुर्ची मागे पडली.

"मला प्रोग्रॅम दाखव," मी म्हटलं.

त्याने पडद्यावर तो उघडला. सगळी मुंग्यांची रांग. इंग्रजी अक्षरं, कंस, ठिपके. मधूनमधून मात्र चक्क मराठी वाक्यं होती. 'इथे शेळ्या टोळीबरोबर निघतात.' 'म्हाताऱ्या शेळ्या मागे राहतात.'

"हे काय?"

"ते देवश्रीचे शेरे आहेत, मॅडम. स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेले. पुढे दोन तिरप्या रेघा आहेत ना? त्या असल्या की मशीन ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातं."

मी चष्मा सारखा करून खालीवर पाहिलं. दोन रेघांच्या बऱ्याच ओळी होत्या. सगळ्या मराठीत, एक तेवढी इंग्रजी कंसाकंसांची. मला वाटलं, एखादा शेरा पोरीने इंग्रजीत लिहिला असेल. आजकालच्या पोरांचं तसंच असतं.

"दोन्ही प्रोग्रॅम सारखे आहेत, हे तू छातीवर हात ठेवून सांगतोस?"

"हो, मॅडम," तो म्हणाला, पण माझ्याकडे न पाहता टेबलाकडे पाहत म्हणाला.

तेवढ्यात कल्याण चहा घेऊन आला. हा पाथर्डीकडचा, केंद्राचा शेळ्यांवर देखरेख करणारा माणूस. गावोगाव हिंडून शेळ्यांच्या कानातले बिल्ले तपासायचं काम त्याचं.

"डाक्टरीन बाई, तुमी त्या पोरीला वाचवा," तो सरळच म्हणाला. "लई कष्टाची हाय ती. उन्हातान्हात माझ्यासंगं हिंडली."

"तुझ्या गावाला फुकट बोकड मिळणार होते ना? तिच्या उत्तराने ते गेले."

"आमाला काय करायचेत? त्ये बाहेरचे मोठे बोकड आमच्या माळावर टिकायचे न्हाईत." त्याने कप ठेवला. "पर एक सांगू का? ह्ये मशीन बिघडलंय. पयलं सकाळी लावलं तर दिवेलागणीपतूर घरघरायचं. सोमवारी पाव्हन्यांचा चा व्हायच्या आत गप झालं. घाई केलेलं काम कधी नीट हुतं व्हय?"

वरदने पडद्यावरचा प्रोग्रॅम घाईने बंद केला.

मी म्हटलं, "मला सोमवारचा निकाल कागदावर हवा. सगळा."

"मॅडम, त्यात लाखो ओळी आहेत."

"मग पहिली शंभर पानं दे. मी उभ्या आयुष्यात नोंदवह्याच वाचल्यात."

४

दोन दिवस मी घरी ती पानं वाचली. प्रत्येक ओळीत एका करडाचा जन्म. आई कोण, ती कुठे होती, बाप कोण, तो कुठे होता, महिना कोणता. पहिल्या दिवशी मला काहीच दिसलं नाही. मध्येच वाटायचं की अवधूतरावच खरे, मध्येच वाटायचं की वरद काहीतरी दाबतोय, आणि दर दोन तासांनी देवश्री पुन्हा लबाड वाटायला लागायची. अशी स्वतःची चीड मला कधी आली नव्हती. शनिवार तोंडावर आलेला आणि मी आपली ठिपक्यांच्या बाळंतपणात अडकलेली.

गुरुवारी दुपारी त्र्याहत्तराव्या पानावर माझं बोट थांबलं.

शेळी ४१२. मुक्काम कोल्हार. महिना डिसेंबर. बोकड ९७. मुक्काम पाथर्डी.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग मोठ्याने वाचली. शेळी कोल्हारला, बोकड पाथर्डीला, मध्ये शंभरेक किलोमीटर, आणि शेळी गाभण! छत्तीस वर्षांत मी असा बोकड पाहिला नव्हता. खालची ओळ तशीच. त्याच्याही खालची तशीच. टोळीबरोबर आलेल्या एकूण एक शेळ्या प्रवरेकाठी उभ्या राहून पाथर्डीच्या बोकडांकडून गाभण राहत होत्या.

मी कल्याणला फोन लावला. "टोळीबरोबर शेळ्या जातात, तेव्हा बोकड जातात का रे?"

"न्हाई हो. ट्रॉलीत बायाबापड्या, पोरं, भांडीकुंडी. त्यात बोकडाचा वास कोन सोसंल? गावचा बोकड म्हाताऱ्या मानसांपाशी ऱ्हातो. तिकडं गेलं की फॅक्टरीच्या गावातला बोकड लागतो. आमच्या निम्म्या करडांचं कान म्हनूनच तिकडच्यावानी हायेत."

म्हणजे देवश्रीचं उत्तर खऱ्या शेळ्यांच्या कानांवर लिहिलेलं होतं. आणि सोमवारच्या संगणकाला शेळ्या हलल्या हे कळलंच नव्हतं. त्याने त्यांना उचलून कोल्हारला ठेवलं, पण शेजाऱ्यांची यादी पाथर्डीचीच धरली. पंगत बदलली, यादी जुनीच. वहीतला तो एकटा शब्द मला आता कुठे कळला.

शेजार पुसायची आज्ञा प्रोग्रॅममध्ये होती. मग मशीनने ती पाळली का नाही? आणि एकदम मला ती इंग्रजी ओळ आठवली. सगळे शेरे मराठीत, एकच इंग्रजीत. तो शेरा नव्हताच. ती आज्ञा होती, आणि कोणीतरी तिच्यापुढे दोन रेघा मारून तिचं तोंड बंद केलं होतं.

पासवर्ड दोघांकडेच, आणि देवश्री सोमवारपर्यंत पाथर्डीकडे होती. मग उरला एकच जण.

५

शुक्रवारी सकाळी सातला मी वरदला केंद्रात गाठलं. खोलीत आम्ही दोघंच.

"ही ओळ," मी पडद्यावर बोट ठेवलं, "मशीनला जुना शेजार पुसायला सांगते. हो ना? रेघा कोणी मारल्या?"

तो खाली बसला. "मी, मॅडम."

इतक्या लवकर कबुली मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मला संतापच आला. "त्या पोरीने तुझ्यावर विश्वास टाकला! तू खोटं बोलत नाहीस म्हणाली ती मला! अवधूतरावांनी सांगितलं तुला?"

"नाही. सरांना अजून यातलं काही माहीत नाही."

"मग कोणासाठी केलंस?"

फाइलीत शेवटचा बदल कधी झाला ते दाखव म्हटलं, तर त्याने निमूटपणे दाखवलं. एक ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं.

"एक तारीख म्हणजे खंडेनवमी," मी म्हटलं. "त्या दिवशी तर पूजा होती. बरीच माणसं होती इथे. कोणी सांगितलं तुला हे करायला? नाव घे."

"मॅडम, राहू द्या ना."

"नाव घे, वरद. उद्या बारा वाजता त्या मुलीची चार वर्षं मातीत जातायत."

त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तुम्हीच, मॅडम."

मला वाटलं, पोरगा चळला. आणि मग सगळं आठवत गेलं, नको असताना. केंद्राची रीत अशी की खंडेनवमीला हत्यार नुसतं पुजून ठेवायचं नाही, पाहुण्यांच्या हाताने त्याच्याकडून मुहूर्ताचं एक काम करून घ्यायचं, ते पुरं झालं की मगच प्रसाद. मी बटण दाबलं होतं. वरद म्हणाला होता, सात तास लागतील. आणि मी, प्रमुख पाहुणी, शाल खांद्यावर घेऊन, चारचौघांत म्हणाले होते, "सात तास? माझी एकची बस आहे. मुहूर्ताचं काम अर्धवट टाकू नये, अपशकुन होतो. उरक काहीतरी करून, हुशार आहेस ना?" सगळे हसले होते. मीही हसले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मी थांबवलं आणि ती एक ओळ तेवढ्यापुरती झाकली," वरद सांगत होता. "पाऊण तासात झालं. निकालाचा कागद निघाला, पण त्यावर काय आलं ते कोणी वाचलंही नाही. त्यावर पेढे ठेवले. दुसऱ्या दिवशी दसरा, मग सुट्ट्या. रेघा काढायच्या राहिल्या. सोमवारी सरांनी पाहुण्यांसमोर लावलं, तेव्हा मला त्या आठवल्या."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"माझी नेमणूक अकरा महिन्यांची आहे, मॅडम. धीर नाही झाला. सरांनी ताडून पाहायला सांगितलं, तेव्हा खोटं बोललो. संध्याकाळी ठरवलं होतं की सकाळी सांगून टाकायचं. तर सकाळी कळलं की चौकशीला तुम्ही येताय. आता तुमचंच नाव तुमच्यापुढे कसं घ्यायचं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं माझं झालं होतं. चार दिवस मी कोल्हारपासून पारनेरपर्यंत चोर शोधत होते. लाजेने माझे कान तापले.

"काढ त्या रेघा," मी म्हटलं. "आणि लाव मशीन. आज मला कुठलीही बस गाठायची नाही."

मशीन सात तास घरघरलं. मी खुर्चीवर बसून राहिले. अडीच वाजता उत्तर आलं. देवश्रीचं होतं तेच.

६

शनिवारी समिती बसण्याआधी अवधूतरावांनी मला बाजूला घेतलं. माझा अहवाल त्यांनी वाचला होता.

"मॅडम, तुमचं नाव कशाला घालायचं? तांत्रिक बिघाड म्हणू. पोरीची नोंदणी राहते, वरदला समज देऊ, तुमचाही मान राहतो."

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. छत्तीस वर्षांत माझ्या नावापुढे कधी लाल शेरा पडला नव्हता. पण पाच दिवस त्या पोरीच्या नावावर जे चाललं होतं, ते माझ्या एका थट्टेने झालं होतं. ते मशीनच्या माथी मारलं असतं तर मला घास गिळवला नसता.

मी समितीपुढे अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बोकड नंबर सत्त्याण्णव, दोन रेघा, मुहूर्त, माझं वाक्य, माझं नाव. वरदने काय लपवलं तेही वाचलं, आणि का लपवलं तेही. एक जण हसायला लागला आणि मग कोणीच हसत नाही असं पाहून थांबला. देवश्री शेवटच्या खुर्चीवर होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

पाच मिनिटांत ठराव झाला. नोंदणी कायम, पासवर्ड सुरू. बोकडवाटपाची योजना पुन्हा तपासायची. अवधूतरावांनी लॅपटॉप स्वतः कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवला.

सगळे उठल्यावर मी तिच्याजवळ गेले. माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनेच आधी विचारलं.

"मॅडम, मंगळवारी तुम्ही आमच्या घरी आलात, तेव्हा तुम्हाला मी खोटी वाटले होते ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. "चुकलंच माझं. दोन्हीकडून चुकलं."

टेबलावर माझा अहवाल पडला होता, तो तिने उचलला आणि उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. तिथे मी लिहिलं होतं: 'सदर विद्यार्थिनी निर्दोष आहे.' तिने पान माझ्यापुढे ठेवलं आणि माझंच पेन माझ्या हातात दिलं.

"निर्दोष नको, मॅडम," ती म्हणाली. "चार वर्षं खपून शेवटी आरोपातून कोणी सोडून दिलं असं नको व्हायला. माझं उत्तर बरोबर होतं. ते लिहा."

मी ओळ खोडली. खाली लिहिलं, 'सदर विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर होतं,' आणि सही करून कागद तिच्या हातात दिला.